सांध्याखालचं मूळ

अझरबैजानमधल्या ओर्दुबाद गावाच्या वरच्या गल्लीत मेहपाराचा बिहीचा मुरंबा चाखला नाही असं घर नव्हतं. तिने लग्न केलं नाही. आयुष्यभर शाळेत शिवण शिकवली, आणि आईने माहेराहून फुटवा आणून लावलेलं बिहीचं झाड सांभाळलं. बिही म्हणजे सफरचंदासारखं पिवळं, तुरट फळ; पण या झाडाची फळं इतर बिहींसारखी घशात अडकत नसत; वरची लव पुसावी आणि तशीच कापून खावीत.

धाकट्या भावाला, इलगारला, नेमकं तिथेच गॅरेज बांधायचं होतं. तो तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा.

"बाजी, आधी काडी नेऊन कलम करतो, मग झाड तोडू. आईची शपथ."

त्या शपथेवर तिने झाड तोडू दिलं. रोप पुढे इलगारच्या मित्राच्या रोपवाटिकेतच वाढलं. पानगळ झाल्यावर त्याने ते आणलं तेव्हा नुसती काठी होती. मेहपाराने स्वतः खड्डा खणून ती लावली.

वसंतातला नवरोजचा सण सरल्यावर एका सकाळी पाहते तर काठीवर पांढऱ्या फुलांचे घोसच्या घोस! पानं अजून धड उलगडलीही नव्हती. बिहीला कुठली एवढी घाई? ती आधी पालवते, मग डहाळीच्या शेंड्याला एकेकच फूल, फिकट गुलाबी, तेही सगळ्या बागा फुलून गेल्यावर. मेहपाराने कोवळं पान उलटून अंगठा फिरवला. बिहीच्या पानाला खालून लोकरीसारखी लव असते. हे गुळगुळीत होतं.

"इलगार, ही नासपती आहे."

"हो, मग?" चहाचा घोट घेत तो म्हणाला. "बाजारात तीच खपते. पण मूळ बिहीचंच आहे हं. नासपतीचं कलम तिच्यावरच तर बांधतात."

"आपल्या बिहीचं?"

"नाहीतर काय शेजाऱ्याच्या?"

तिने आतून करवत आणली. "मग कलमाच्या सांध्याखाली कापते. मुळातून आईची बिही फुटेल."

"वेडी झालीस का बाजी? यंदा फळ धरेल!"

तिने करवत ओढली. सालीवर ओला ओरखडा उमटला.

"अगं, नको! मूळही त्या मित्राचंच आहे. मी आपली काडी नेलीच नव्हती. त्या दिवशी गाडीत सिमेंट भरलं होतं, जागा नव्हती."

"वीतभर काडीला?"

इलगारने चहाचा पेला खाली ठेवला.

"मला सांगायचंस. मी पायी नेली असती."

करवत भिंतीला टेकवून तिने पाण्याची बादली उचलली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"तुझं झाड आहे. तूच घाल पाणी."