चिंचेपाशी वळणारा ओढा

ऑफिसात मी नद्यांचे नकाशे करते. नकाशाचे बारीक चौकोन एकत्र करून मोठे करायचे आणि प्रत्येक मोठ्या चौकोनाचं पाणी एका बाणाने शेजारच्या एकाच चौकोनाकडे पाठवायचं, असा नियम. काल संगणकाने आमच्या गावचा ओढा डोंगर चढवून पलीकडच्या नदीत सोडला. मी हसत आत्याला फोन केला.

"डोंगर चढून जत्रेला निघालाय का तो?" आत्या म्हणाली. "आमच्या दारच्या चिंचेपाशी वळतो की."

मी बारीक नकाशा पुन्हा उघडला, बोटाने ओढ्यामागे त्या वळणापर्यंत गेले आणि बाण फिरवला. लांबून बघताना माणसांनाही आपण असंच एकेका बाणात बसवतो. मोठ्या चौकोनांच्या नव्या नकाशात ओढा दिसत नाही, चिंच तर नाहीच. पण त्यातलं पाणी आता आत्याच्या दारावरूनच जातं.