कुमुदची दुपारची वही

माझी मैत्रीण कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोल बाजारात डाळीसाठी डबे बघत होते. दुकानदार भाव सांगत होता आणि मी नुसती मान हलवत होते... डबे तिथंच राहिले. घरी येऊन खूप रडले. पण ते रडणं तेराव्यापर्यंतच टिकलं. त्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली आणि तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ नाना, माईकसमोर उभे राहिले. "कुमुदला लिहिण्याची गोडी आमच्या घरानं लावली," असं त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शोकसभेत भांडण बरं दिसत नाही म्हणून मी गप्प बसले. इथं पेपरात माझ्या हातातला माईक कोणी काढून घेणार नाही. हे वाचून नानांना लागावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, बरेच नवरे एकाएकी फार महत्त्वाचे झाले. कुमुदचे शरदराव नव्या मंत्रालयात लागले. सकाळी गेलेला माणूस जेवायच्या वेळेलाही घरी नसे. मुलं शिकायला बाहेर, घरात भासरे आणि जाऊबाई. दिवसभर कुमुदशी दोन वाक्यं बोलणारं कोणी नव्हतं. तिची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर सांगितलं, "दीदी, रोज़ थोड़ा लिखा करो. जो मन में है, कागज़ पर उतार दो." आम्ही दोघी सदर बाजारातून वही घेऊन आलो. येताना ती म्हणाली, "विमल, मह्या मनात आहे काय लिहाले? भाजी अन् पोळ्या."

आणि खरंच, ती भाजीच लिहायची. ओट्यावर पोचारा मारून झाला की हात पुसायचे आणि वही उघडायची, असं तिनं स्वतःला लावून घेतलं होतं. ओटा रोज पुसावाच लागतो, त्यामुळे लिहिणं चुकत नसे. 'आज दोडका केला.' एवढंच. मग काही दिवसांनी, 'आज दोडका केला, चांगला झाला.' हे मला ती स्वतःच हसत सांगायची. मग एक दिवस तिनं पुढं लिहिलं, 'कोणी काही बोललं नाही.' त्या दुपारी ती ओट्यापाशी बसून भरपूर रडली आणि रात्री गाढ झोपली. "मले झोप येऊन राहिली आता," असं मला तिनं ज्या आनंदानं सांगितलं, तसा आनंद तिला शरदरावांच्या बढतीचाही झाला नव्हता.

ही झोप नानांनी घालवली. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, मीही होते. चहा फिरत असताना नाना आतून वही घेऊन आले. "ऐका, आमच्या घरात लेखिका निघाली!" आणि त्यांनी चांगला आवाज लावून वाचलं, "आज दोडका केला. चांगला झाला. कोणी काही बोललं नाही." लोक हसले. "दोडक्यावर महाकाव्य!" असं नाना म्हणाले तेव्हा आणखी हसले. शरदराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. जाऊबाई, म्हणजे नानांच्या बायको सुशीलाबाई, कपबशा उचलत होत्या. कुमुद दारात ट्रे घेऊन उभी होती... तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही. त्यानंतर नाना तिला येता-जाता 'लेखिकाबाई' म्हणत. वही बंद झाली. एका गोळीच्या दोन झाल्या.

शेवटी मीच तिला ओढून माझ्या घरी आणलं. खिडकीजवळचं टेबल दिलं, कपाटाचा एक खण रिकामा करून किल्ली तिच्या हातात ठेवली. ती रोज दुपारी यायची, लिहायची, वही खणात टाकायची आणि मग आम्ही चहा घ्यायचो. झोप परत यायला वेळ लागला, पण आली. पुढं शरदराव गेले, तेव्हाही ती चौदाव्या दिवशी येऊन लिहायला बसली. त्या वह्या मी कधी उघडल्या नाहीत. "मी गेल्यावर जाळून टाकजो, वाचजो नोको," असं ती म्हणाली होती. शोकसभेच्या आदल्या दिवशी मी त्या गच्चीवर जाळल्या.

सभेनंतर नाना माझ्याकडे आले. स्मरणिका काढायची आहे, वह्या द्या, म्हणाले. वह्या जाळल्याचं सांगितलं तर क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मग आवाज खाली आला. "विमलबाई, आमच्याबद्दल... काय लिहिलं होतं तिनं?"

मला काहीच माहीत नव्हतं. तसं सांगणं सोपं होतं. मी नुसती हसले आणि त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो अर्धा टाकला.

मागच्या आठवड्यात भरदुपारी सुशीलाबाई आल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसल्या, पिशवीतून नवी वही काढून दाखवली. मी खण उघडायला लागले तर म्हणाल्या, "राहू द्या. मी घरीच लिहून राहिली, त्यायच्या समोर बसून."

"नानांनी मागितली नाही वाचायला?"

"मांगतली ना. म्हटलं, सध्या मी लग्नाच्या वर्षावर आहे. तुमचं सगळं अजून यायचंच आहे."

हे पेपरात लिहू का, असं मी विचारलं. "हव, लिहा. नावानिशी लिहा. रोज मोठ्यानं पेपर वाचतात, हेही वाचतील." चहा झाल्यावर त्या चपला घालता घालता थांबल्या. "त्यायले आजकाल झोप नाही येत, विमलताई. रातभर कूस बदलत राहतात."

"आणि तुम्हाला?"

"मले? मस्त येते."