बोलता बोलता थांबणारी

वाशीमला आमच्या शेजारची ही मुलगी एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर विमानं उतरवून घेण्याचं काम करते. सुट्टीत आली की आमच्या ओट्यावर गप्पा मारताना लांबून गाडीची घरघर आली तरी मधेच गप्प होते आणि जरा वेळाने अडलेल्या शब्दापासूनच पुढे बोलायला लागते. आधी मला वाटायचं, शिष्टच आहे. पण तिथे तिने खोलीच विमानं उतरतात त्या वाटेखाली घेतली आहे. डोक्यावरून विमान गेलं की बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे लागलेली ही सवय.

मी चिडूनच विचारलं, "चांगलं क्वार्टर सोडून तिथं कायले राह्यतं तू?"

"काकू, विमान पायरी-पायरीनं उतरवलं का दर पायरीवर इंजिनाले जोर लागते. तेल जळते, खालच्या लोकायची झोप मोडते. उंचावरूनच एका उतारानं आणलं तर दोन्ही वाचते. आमी आता तसंच करून राह्यलो. जमलं का नाही, ते खाली राहूनच समजन."

काल तिचा त्या खोलीवरून फोन आला. आईच्या गुडघ्यापासून तुरीच्या भावापर्यंत ती एकसारखी बोलत होती.

"काहून वं, आज विमानं बंद हायेत का?"

"नाही काकू," ती हसली. "आताच एक डोक्यावरून गेलं."