दोन ठोक्यांच्या आधी

चूक माझी होती. एवढं कबूल करायला मला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत एक माणूस माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन गावात वावरत राहिला. तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. आम्ही त्यांना दाजी म्हणतो.

दाजींना बहरीनला मीच आणलं. मी मआमीरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, राहतो रिफाला. जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये पाइप फिटरची जागा निघाली, तेव्हा मी त्यांचे कागद पुढे केले. तरुणपणी ते ट्रकवर क्लीनर होते, मग फिटरचं काम शिकले. हात असा, की डोळे मिटून नुसता नट चाचपायचे आणि पाना किती नंबरचा लागेल ते सांगायचे.

क्लीनरची एक सवय मात्र त्यांची कधी सुटली नाही. गाडीमागे उभे राहिले की पत्र्यावर हाताने ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मॉलच्या पार्किंगमध्येसुद्धा. लोक वळून बघायचे, मला लाज वाटायची.

"दाजी, मागं कॅमेरा आहे गाडीला."

"आसू दे की. कॅमेरा काय गाडीखाली सापडत न्हाई, पाव्हणं. मानूस सापडतो."

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत दोन दिवस पाऊस झाला होता. इथे थंडीत लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात. दाजींनी दोन वर्षांत खोली आणि वर्कशॉप यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. "भिजलेली जमीन बगून लई दिस झालं," असं ते सहज म्हणाले, आणि शुक्रवारी दुपारी मी त्यांना तंबूंकडे घेऊन निघालो. गाडी कंपनीची होती. डांबरी रस्ता सोडून ती न्यायची नाही, असा नियम होता, आणि त्यावर माझी सही होती.

पाऊस पडून गेला की इथली जमीन फसवते. वरचा थर पापडासारखा वाळतो, खाली खारट चिखल तसाच राहतो. जीपच्या चाकोऱ्या दिसल्या म्हणून मी त्यांच्यावरून गेलो. जीप गेली तिथं माझी गाडी जाईल असं वाटलं. शंभर पावलांवर पुढची चाकं बसली. मी जितका अ‍ॅक्सिलरेटर दाबला तितकी खोल गेली.

जवळच्या तंबूतून एक म्हातारा बहरीनी आला. अंगात लांब झगा, वरून लोकरी जाकीट. त्याने हातानेच मला थांबवलं.

"सबर, सदीक, सबर! टायर हवा कम करो. मैं जीप लाता, रस्सी लाता." थांब मित्रा, थांब, असं सांगून तो तंबूकडे वळला.

"म्हातारा बरोबर बोलतोय," दाजी म्हणाले. "बसू निवांत. च्या तरी पाजंल."

मीही बसलो असतो. पण तेवढ्यात लांब रस्त्यावरून एक पांढरी पिकअप आमच्याकडे वळताना दिसली. आमच्या कंपनीच्या पिकअप तशाच पांढऱ्या. साहेबांपैकी कुणी असेल, गाडी इथं रुतलेली बघेल, नोकरी जाईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"दाजी, ती फळी पडलीय बघा. चाकाखाली घाला. काढूनच टाकू."

"आवं, जीप येतीया न्हवं?"

"घाला हो!"

मी त्यांच्यावर ओरडलो. वयाने दहा वर्षांनी मोठ्या माणसावर, बहिणीच्या नवऱ्यावर. त्यांनी फळी उचलली, चाकाशी गुडघे टेकले, हाताने चिखल ओढू लागले. मग मान वर करून म्हणाले, "दोन ठोकं पडल्याबिगर पाय हलवायचा न्हाई."

मी हो म्हणालो.

थंड वारा होता म्हणून काच वर केली. आरशात पिकअप मोठी होत होती. मी आरशाकडे बघत राहिलो आणि पाय दाबला. ठोका पडला नव्हता. एकही नाही.

गाडी निघाली. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच, की गाडी निघाली. दोन हात पुढे येऊन कोरड्यावर उभी राहिली आणि क्षणभर मला आनंद झाला. मग मी दाजींचा आवाज ऐकला. फळी चाकाखाली ओढली गेली होती आणि फळीबरोबर त्यांचा उजवा हात.

पिकअप आमची नव्हती. तंबूंना पाणी पोचवणारा माणूस होता तो.

म्हातारा दोरखंड घेऊन परतला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, दोरखंड खाली टाकला, डोक्यावरचा रुमाल सोडून दाजींच्या हाताला गुंडाळला आणि आपल्या जीपमधून आम्हाला हॉस्पिटलला नेलं. वाटेत दाजींचा फोन वाजला. शुक्रवारी त्या वेळी ताईचा फोन यायचाच. मी उचलला. काय झालं, कसं झालं, ती रडत विचारत होती.

"त्यांनीच दोन ठोके दिले, ताई," मी म्हणालो. "मी गाडी काढली. त्यांनी घाई केली."

दाजी माझ्या शेजारीच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहू लागले.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याजवळची, नट ओळखणारी. मी गाडी वाळवंटातून परत आणली, धुऊन जागेवर लावली. कंपनीत कुणालाही काही कळलं नाही. वर्कशॉपने दाजींना काही महिने हेल्पर म्हणून ठेवलं, मग व्हिसा संपला. विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. त्यांनी डाव्या हाताने बॅग काढली, डिकी लावली आणि सवयीने डाव्याच हाताने पत्र्यावर दोन ठोके दिले. मला गाडी हलवता येईना. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

त्यानंतर दर फोनवर ताईचं एक वाक्य ठरलेलं असायचं. दाजींच्या हातून कप निसटला, शर्टाचं बटण लागेना, की ती म्हणायची, "घाई नडली हो यांची. कुणाला बोल लावायचा?" दाजी मागून हसायचे. सहा वर्षांत त्यांनी एकदाही तिला खरं सांगितलं नाही. मीही नाही.

या जानेवारीत पुन्हा पाऊस झाला. त्या शुक्रवारी मी ताईला फोन केला, तेव्हा त्यांची मुलगी अंगणात स्कूटर शिकत होती. ताई तिच्यावर ओरडली, "हळू गं! बापासारखी उतावळी होऊ नकोस, बोटं घालवून बसशील."

मुलगी हसली. या वेळी दाजी हसले नाहीत. नुसते खोकले.

मी म्हणालो, "ताई, दाजींना जवळ बोलाव. फोन स्पीकरवर टाक."

"का रे? काय झालं?"

दाजींना कळलं असावं. "ऱ्हाऊ द्या, पाव्हणं," ते लगेच म्हणाले. "झालं गेलं. तुमची नोकरी ऱ्हायली, बास."

"नाही दाजी. आता बोलू द्या. ताई, त्या दिवशी यांनी घाई केली नव्हती. हे चिखलात गुडघे टेकून बसले होते. मला बजावून सांगितलं होतं, दोन ठोक्यांशिवाय गाडी हलवायची नाही. ठोके पडलेच नाहीत. नोकरी जाईल म्हणून मी भ्यालो आणि पाय दाबला. आणि तुझ्याशी खोटं बोललो, हे शेजारी बसून ऐकत असताना."

पलीकडे स्कूटर बंद झाली. मग ताईचा अगदी बारीक आवाज आला. तो मला नव्हता, दाजींना होता. "आणि तुम्ही ऐकून घेत राहिलात माझं?"

"दाजी," मी म्हणालो, "तुमची बोटं माझ्यामुळे गेली. आणि बोलही मीच तुम्हाला लावला. माझं चुकलं. मला माफ करा."