नसलेल्या पायाला तेल

आप्पांचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या शाळेत, ऑफिसात कपाटाला कुलूप लावत होते. "फुई गयी," एवढंच बोलले. जेवून दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही म्हणे. फुई म्हणजे माझी आत्या, आप्पांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला आणि ती म्हसावदला आमच्या घरी आली, ती कायमची. मी पोहोचले तेव्हा ओटा बायकांनी भरला होता आणि जी ती हेच सांगत होती, काय गुण होता हो तिच्या हाताला! खरंच होता. लचक, मुरगळ, बाळंतिणीची कंबर, तान्ह्या पोरांचं अंग, अख्खं गाव तिच्याकडे यायचं. स्टीलच्या छोट्या वाटीत तेल कोमट करायची आणि चोळताना तोंडाचा पट्टा चालू. "ओरडू नको. ओरडशी तर दोनदा चोळसू!" पण त्याच हातांनी मध्ये कितीतरी महिने कुणालाच हात लावला नव्हता, आणि ते माझ्यामुळे… हे मात्र त्या बायकांत कुणी बोललं नाही.

मी दहावीत होते. खो-खोत पडले, डावा गुडघा सुजला. घरात फुई असताना डॉक्टर कशाला? तिने रोज सकाळी चोळायला घेतलं. सूज वाढली तशी तिने मालिश वाढवली. मी कळवळायचे, ती म्हणायची, साकळलेलं रक्त हललं की दुखतंच. असा दीड महिना गेला. शेवटी पाऊल टेकवेना, तेव्हा आप्पांनी नंदुरबारला नेलं. फुईही आली होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे कोणी चोळलंय का?" आप्पा खाली बघायला लागले. फुईने दोन्ही हात पदराखाली घेतले. मी पटकन म्हणाले, "नाही, मीच मलम लावायचे." का बोलले कोण जाणे. तिचे ते लपवलेले हात बघवेनात, एवढं खरं. मग डॉक्टरांनी आप्पांना बाहेर नेलं. सुरतच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि शब्द कळला. हाडाचा कॅन्सर.

पुढचं वर्ष आमचं घर सुरतच्या गाडीच्या वेळापत्रकावर चाललं. केमो घ्यायला जायचं, ओकत परत यायचं, जरा जेवायला लागलं की पुन्हा पिशवी भरायची. तोंड आतून सोललेलं, म्हणून आईने घरातली मिरचीच बंद केली. खान्देशातलं घर आणि बिनतिखटाची भाजी! आप्पा निमूट गिळायचे. आईने दाराशी बादली आणि साबण ठेवला. हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. दोन-तीन नातेवाईक रुसले ते अजून बोलत नाहीत. बरंच झालं, गोमूत्राचे सल्ले तरी थांबले.

फुई मात्र गप्प झाली होती. तिचा पट्टा बंद म्हणजे घराला कळाच नाही. बायका बाळं घेऊन आल्या की हात दुखतोय सांगून परत पाठवायची. वाटी तिने कोठीत धान्याच्या डब्यामागे सारली होती.

मग सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय मांडीपासून काढावा लागेल. आप्पा अडून बसले. पोरीची जात, पुढे लग्न कसं व्हायचं, नाशिकला विचारू, आयुर्वेद बघू… आठवडा गेला. डॉक्टर म्हणत होते थांबू नका, आई नुसती रडत होती. तेव्हा इतके दिवस न बोललेली फुई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि आप्पांसमोर उभी राहिली. "भाऊ, लगीनले पाय लागस का जीव?" दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत होतो.

पाय गेला आणि भलतंच सुरू झालं. नसलेला पाय दुखायचा. अंगठा कुणी उलटा पिळतंय असं वाटायचं. गोळ्यांनी पोरीचं डोकं फिरलं, असं आप्पांना वाटलं. एका दुपारी मी उशीत तोंड खुपसून रडत होते. फुई आली.

"कोठे दुखस?"

"अंगठ्यात. अन् तू हसशील."

ती हसली नाही. कोठीत गेली, डबे वाजले. वाटी घेऊन आली. तेल कोमट केलं आणि खाटेच्या पायथ्याशी बसून, जिथे माझं पाऊल असायला हवं होतं, तिथली गोधडी चोळायला लागली. अंगठा, मग टाच, मग घोटा, अगदी रीतसर. म्हणाली, "आते ह्या पायनं काय बिघडी?" मला हसू आलं आणि रडूही आलं. आणि देवाशप्पथ सांगते, कळ उतरली.

त्यानंतर ती पुन्हा सगळ्यांना तेल लावायला लागली. सूज दिसली की मात्र हात मागे. "आधी फोटो काढी आन," म्हणायची, म्हणजे एक्स-रे. मी बरी झाले, कृत्रिम पाय बसला, नोकरी लागली. आमच्या दोघींत त्या दीड महिन्याच्या मालिशचा विषय कधी निघाला नाही. या दिवाळीत मात्र, माझ्या पायथ्याशी बसून गोधडी चोळता चोळता, तिने मान वर न करता विचारलं, "डॉक्टरले इचारं का तू कधी?"

विचारलं होतं. खोटं बोलावंसं फार वाटलं, पण तिला खोटं लगेच कळायचं. म्हटलं, चोळल्याने तो आजार होत नाही. पण दीड महिना गेला. लवकर आलो असतो तर कदाचित पाय वाचला असता.

तिचे हात थांबले. "मंग पाय मन्हामुळे गया."

"गया," मी म्हणाले. "आनि जीव तुन्हामुळे वाची गया."

तिने पदराने नाक पुसलं, आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात केली.

ती गोधडी आईने दहाव्यानंतर टाकायला काढली होती. पायथ्याला डावीकडे तेलाचा पिवळा डाग आहे, किती धुतला तरी जात नाही. मी ती शहाद्याला घेऊन आले. वाटीही. रविवारी दुपारी अंगठा पिळायला लागला की तेल कोमट करते आणि वाकून डाग चोळते. तिच्यासारखं जमत नाही. कळ अडून बसते. मग मीच मोठ्याने म्हणते, "ओरडू नको. ओरडशी तर दोनदा चोळसू!"… आणि दोनदा चोळते.