गंजक्या पोलादाच्या सावलीत: टेक्सासमधलं एक जर्मन शिल्प

कला चार भिंतींत कोंडून ठेवणं मला कधीच मान्य नव्हतं. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, टेक्सासच्या हिल कंट्रीतल्या छोट्या गावाला चौकातलं जर्मन शिल्प नकोसं झालंय आणि ते ठेवायचं की तोडायचं हे शुक्रवारच्या जाहीर सुनावणीत ठरणार, ही बातमी वाचली आणि लगेच रजा टाकली. शिल्प बघायला चाललोय की भाषण करायला, असं बायकोनं, कुमुदनं, विचारलं. दोन्ही, म्हटलं.

शुक्रवारी भल्या सकाळी आम्ही तिघं आमच्या राहत्या अर्विंगहून निघालो. गाडी आमच्या स्नेह्यांची, बापटकाकांची. काका निवृत्त सिव्हिल इंजिनियर. पूल सोडला तर कुठल्याही लोखंडावर त्यांचा विश्वास नाही. वाटेत चेक लोकांच्या बेकरीत फळांचा गर भरलेले कोलाचे मिळतात, ते जरूर बांधून घ्या. पुढे शाकाहारी माणसाचे हाल आहेत. बटाट्याच्या सॅलडमध्येसुद्धा डुकराचं मांस निघतं. आम्ही कुमुदच्या दशम्यांवर तरलो. ऑस्टिन मागे पडलं की टेकड्या सुरू होतात आणि रस्त्याकडेला पीच विकणारे दिसू लागतात.

गाव जर्मन वसाहतकऱ्यांचं. शिल्पकार बाई पश्चिम जर्मनीच्या. त्यांच्या तिथल्या कामांचे फोटो वाचनालयात मांडले होते, प्रवेश फुकट. एका फोटोत कुठल्याशा जर्मन चौकातल्या नव्या शिल्पावर रागानं रंग फासलेला, शेजारच्यात काही वर्षांनंतर त्याच शिल्पाला टेकून गप्पा मारणारे म्हातारे. रस्त्यावरची कला लोकांशी भांडते आणि मग त्यांचीच होते, हे मी किती सभांमधून सांगितलं होतं!

मग चौक. माणसाहून उंच, गंजलेल्या पोलादाची वळणदार भिंत आणि आतून बसायला कोनाडे. काकांनी एक प्रदक्षिणा घातली. "कंत्राटदार पळून गेला की असंच दिसतं," म्हणाले. कुमुद दमून कोनाड्यात बसली आणि तिनं डबा उघडला. आम्ही कोर्टाच्या इमारतीचे फोटो काढून परतलो, तर गावातल्या दोन आज्या तिच्या शेजारी. एकीनं दशमीबरोबर लसणाची चटणी खाल्ली होती. ती नाक पुसत हसत होती.

संध्याकाळी सभागृह भरलेलं. शिल्पकार बाई पहिल्या रांगेत, हात घट्ट मिटून. ठराव झाला तर शिल्पाचे तुकडे भंगारात जाणार होते. कुरूप आहे, पार्किंग गेलं, अशी भाषणं झाली. बोलायला कुणालाही मुभा होती, पण तीनच मिनिटं. मी उठलो. अध्यक्ष, मान्यवर, नगरवासी यांना वंदन केलं, समुद्र ओलांडून आलेल्या त्यांच्या पूर्वजांचं स्मरण केलं, तिथून वेरूळला पोचलो आणि घंटा वाजली. मुद्दा अजून यायचा होता.

"नांदी झाली, नाटक राहिलं," काका कुजबुजले.

तेवढ्यात कुमुदनं हात वर केला. तिनं आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"मी सहा वर्षं या देशात आहे," ती साध्या इंग्रजीत म्हणाली. "बाहेर कुठेही बसायचं तर आधी काहीतरी विकत घ्यावं लागतं. आज तुमच्या गावात मी नुसती बसले आणि दोघी जणी येऊन माझ्याशेजारी बसल्या." एवढंच बोलून ती खाली बसली.

चटणीवाल्या आजी उठल्या. "मी हे तोडा म्हणून सांगायला आले होते. मला ते आजही कुरूपच वाटतं. पण सावली चांगली पडते. राहू द्या."

नगरपरिषदेच्या मतदानात शिल्प एका मताच्या फरकानं वाचलं. बाईंनी कुमुदला कवेत घेतलं. माझ्याशी हस्तांदोलन केलं.

घरी परतल्यावर मी स्वतःलाच विचारलं, माझ्या वक्तृत्वानं किती मतं फिरवली? एकही नाही. तरी मी खुशीत होतो, कारण मी जन्मभर जे मांडत आलो ते खरं ठरताना डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कुमुदनं पुढच्या हिरवळीवर घडीच्या तीन खुर्च्या मांडल्या. तिसरी कशाला, मी विचारलं. "येईल त्याला," ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं समोरच्या बाई रस्ता ओलांडून आल्या. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना फक्त गाडीतून हात हलवला होता. काही बिघडलंय का, त्यांनी काळजीनं विचारलं. नाही, नुसतेच बसलोय, कुमुद म्हणाली. बाईंनी क्षणभर आमच्या बंद दाराकडे पाहिलं, मग खुर्ची जरा सावलीत ओढली आणि बसल्या.