कॉम्प्लेक्ससमोरचं घर

आमच्या हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीसमोर दुकानांचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं, तेव्हा दलाल आमच्या व्हरांड्यात बसून म्हणाला, "काकू, तुमच्या घराचा भाव आता दुप्पट समजा." मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? यांची नोकरी संपत आली होती. लेक यवतमाळला दिलेली. हे घर विकून तिच्या गल्लीत दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच आम्हा दोघांच्या मनात होतं.

मग कापसाचा भाव पडला आणि घराचाही. कॉम्प्लेक्सची निम्मी शटरं खाली आली. उरलेली दुकानं चालायची ती शेजारच्या खरेदी केंद्रावर कापूस मोजून द्यायला आलेल्या लोकांवर. गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. सोबत बायाही असत. पुरुषांचं काय, भिंत दिसली की उभे. बायांनी कुठे जायचं? बांधणाऱ्याने वीस दुकानं काढली, पण एक संडास नाही काढला! मेल्याला आई-बहीण नव्हती काय?

पहिली आली ती पोटुशी होती. फाटक धरून म्हणाली, "बाई, जाऊ द्या ना आत." मी जाऊ दिलं. तिचं पाहून दुसरी, मग तिसरी. हंगामात माझ्या अंगणातल्या संडासाशी रांग लागायची. बाया जाताना रिकामी बादली हौदातून भरून ठेवत, मला कधी सांगावं लागलं नाही.

दलाल मात्र चिडला. "काकू, तुम्हीच भाव पाडून राह्यल्या. गिऱ्हाईक येईन तवा तरी कुलूप लावा."

दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको दोघं नोकरीवाले. घर पसंत पडलं, भावही जमला, यांनी इसारपावतीचा कागद पुढे ओढला. दोघं आत येताच मी फाटकाला कुलूप घातलं होतं. हो, घातलं होतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर एक म्हातारी, तिच्या पदराआड बारा-तेरा वर्षांची नात. पोरीच्या फ्रॉकला मागून डाग पडलेला.

"पोरीले पह्यल्यांदाच आलं, बाई. तिकडं सारे माणसंच माणसं."

दलालाने मान हलवून मला नको म्हटलं. यांनीही माझ्याकडे पाहिलं, अगदी अजिजीने. मी उठले, कुलूप काढलं आणि पोरीला हाताला धरून आत घेतलं. माझं जुनं धुतलेलं लुगडं फाडून दिलं.

गिऱ्हाइकाच्या बायकोने नाक मुरडलं. "रोज असंच असते काय?"

"नाही हो, आजच!" दलाल म्हणाला.

"रोजच असते," मी म्हटलं.

चहा तसाच टाकून ते निघून गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी चुलीपाशी बसून रडले. लेकीला काय सांगू कळेना. तिसऱ्या दिवशी दलाल निम्म्या भावाच्या गिऱ्हाइकाचा निरोप घेऊन आला. वर मलाच समजावतो, "हे बायांचं बंद करा, मंग पाहू."

"घर नाही विकलं तं नाही विकलं!" मी म्हटलं. "बाईले दारातून वापस नाही पाठवत मी. जाय, सांग तुह्या गिऱ्हाइकाले!"

तो गेल्यावर रंगाचा डबा काढला आणि कॉम्प्लेक्सकडच्या भिंतीवर लिहिलं: बायांसाठी संडास आत आहे. हे बाहेर येऊन मागे उभे राहिले. आता ओरडतात, म्हणून मी ब्रश घट्ट धरला.

"बारीक झालं," हे म्हणाले. "रांगेतून दिसलं पाहिजे. आण इकडे."